"खोलीत ऊन येईल का?" : आमच्या गल्लीची सव्वाशे वर्षांची गोष्ट

मागच्या रविवारी आमच्या बिल्डिंगमध्ये रीडेव्हलपमेंटची मीटिंग झाली. दादरच्या हिंदू कॉलनीतली बिल्डिंग, १९३० च्या दशकातली. तळमजला आणि वर दोन मजले, नऊ भाडेकरू, सगळे पागडीवाले. जिन्याखाली लोखंडी टेकू लागून सात वर्षं झाली. पावसाळ्यात वरच्या मजल्यावर बादल्या ठेवाव्या लागतात. त्यामुळे मीटिंगला झाडून सगळे हजर होते.

बिल्डरची माणसं प्रोजेक्टर घेऊन आली होती. बावीस मजले, खाली पोडियम पार्किंग, प्रत्येकाला आत्तापेक्षा मोठी जागा, कॉर्पस फंड, बाहेर राहायचं भाडं. सगळं ऐकून झाल्यावर पहिल्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "आमच्या खोलीत सकाळचं ऊन येईल का हो?"

प्रेझेंटेशन देणारा मुलगा म्हणाला, "आजी, चांगले एलईडी लावून देऊ ना!" सगळे हसले. खरं सांगायचं तर मीही हसलो.

घरी आल्यावर मात्र ते हसणं टोचायला लागलं. कारण मला माहीत होतं की ज्या प्रश्नावर आम्ही हसलो, त्याच प्रश्नातून ही सगळी कॉलनी उभी राहिली आहे. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण आपल्या भागात राहणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा, कारण आज ना उद्या तुमच्याही बिल्डिंगमध्ये ही मीटिंग होणार आहे.

गोष्ट सुरू होते १८९६ च्या सप्टेंबरात, इथून बरीच लांब, मांडवीला. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तिथल्या एका रुग्णाला प्लेग झाल्याचं ओळखलं. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गावाकडे पळाली. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७ लाख ७६ हजार भरली, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षाही कमी. गिरण्या, गोदी, बाजार सगळं ठप्प व्हायची वेळ आली, तेव्हा सरकारला जाग आली.

प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. दोष दिला गेला तो अंधाऱ्या, कोंदट, दाटीवाटीच्या घरांना. निदान अर्धवट होतं, पण त्या खोल्या माणसांनी राहण्यासारख्या नव्हत्या हेही खरंच. भिंतीला भिंत लागलेली घरं, मध्ये मैला वाहणाऱ्या चिंचोळ्या घळी, आतल्या खोल्यांना खिडकीच नाही. १८९८ मध्ये कायदा होऊन बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. 'बीआयटी चाळ' हा शब्द आपण सगळे वापरतो, त्यातला बीआयटी तो हाच.

ट्रस्टनं दोन कामं हातात घेतली. एक, जुन्या शहरातली दाट वस्ती पाडून रुंद रस्ते काढायचे. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही त्यातलीच. दुसरं, शहराच्या उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती आखायची. दादर, माटुंगा, वडाळा, सायन इथली शेतं, वाड्या आणि खाजणाची जमीन सक्तीनं संपादित झाली आणि १८९९-१९०० पासून तिची आखणी सुरू झाली.

या आखणीतली एक गोष्ट लक्षात ठेवा. आधी रस्ते, गटारं, बागा आणि चौक ठरले. मग प्लॉट पडले. मग कितीतरी वर्षांनी त्यावर बिल्डिंगा आल्या. सुरुवातीला प्लॉट घ्यायला फारसं कुणी पुढे येत नव्हतं, जंगलात कोण राहायला जाणार असा प्रकार होता. बांधकामाचा खरा जोर आला १९२० आणि १९३० च्या दशकांत. आजचा आंबेडकर रोड, किंग्ज सर्कल, फाइव्ह गार्डन्स हे सगळं त्या कागदावरच्या आखणीतून आलेलं आहे. ट्राम खोदादाद सर्कलपर्यंत यायची, म्हणून तर त्या भागाला आपण अजूनही दादर टीटी म्हणतो. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आता नवीन मुलांना सांगावं लागतं.

पारशी कॉलनीची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. मंचरजी एदलजी जोशी नावाचे पारशी इंजिनिअर होते. त्यांनी ट्रस्टच्या मागे लागून मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले. कुठल्या रस्त्यावर कुठली झाडं हेही आधी ठरलं आणि बिल्डिंगा दोन मजल्यांच्या वर जायच्या नाहीत असा दंडक राहिला. आज आपण तिथे सकाळी फिरायला जातो आणि "काय सावली आहे!" म्हणतो. ती झाडांची सावली आहे, बिल्डिंगांची नाही. हा फरक शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी विचार करून ठेवला होता.

आता आजींच्या उन्हाकडे येतो. ट्रस्टचे अध्यक्ष होते जे. पी. ऑर. १९१२ मध्ये त्यांनी मुंबईतल्या घरांमधला उजेड आणि हवा या विषयावर एक व्याख्यान दिलं. त्यांचा आग्रह एका कोनाचा होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. ऐकायला अवघड वाटतं, पण हिशेब शाळेतला आहे. खिडकीसमोर जितकी मोकळी जागा, त्याच्या दुपटीपेक्षा समोरची भिंत उंच नको. समोर वीस फूट मोकळे असतील तर चाळीस फुटांपर्यंत चढा, त्यापुढे नाही. इतकं पाळलं तर तळमजल्याच्या खोलीतूनही आकाशाचा तुकडा दिसतो.

मीटिंगनंतर दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन खाली गेलो. आमची बिल्डिंग आणि शेजारची बिल्डिंग यांच्यामधली जागा भरली वीस फूट. आमची उंची कठड्यासकट साधारण चाळीस फूट. शंभर वर्षांपूर्वीचा हिशेब अजून तिथे उभा आहे, आम्ही रोज त्यात स्कूटर लावतो.

अर्थात या ट्रस्टचे गोडवे गायचे म्हणून मी लिहीत नाहीये. त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जुन्या शहरात ज्यांची घरं पाडली, ती माणसं दादरला आली नाहीत. त्यांना इथलं भाडं परवडणारं नव्हतं. कामाची जागा सोडून इतक्या लांब येणंही शक्य नव्हतं. ती शेजारच्या चाळींमध्ये घुसली आणि तिथली दाटी आणखी वाढली. त्यांच्यासाठी ट्रस्टनं बांधल्या त्या एका खोलीच्या चाळी, मजल्यावर सगळ्यांना मिळून संडास. दादर-माटुंग्याचे प्लॉट मात्र ऐपत असलेल्यांसाठी. त्यातही जात आणि समाज पाहून कॉलन्या पडल्या, नावांवरूनच कळतं.

दोन्ही बाजू एका आयुष्यात पाहायच्या असतील तर बाबासाहेबांकडे बघा. जवळपास दोन दशकं ते परळच्या बीआयटी चाळीत राहिले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं, आपल्या पुस्तकांना जागा हवी म्हणून. एकाच ट्रस्टची चाळ आणि एकाच ट्रस्टनं आखलेली कॉलनी, मध्ये फार तर तीन-चार किलोमीटर. पण उजेड, हवा आणि जागा यांचा हिशेब दोन्हीकडे वेगळा. सहा डिसेंबरला लाखो लोक दादरला येतात, त्यातले कितीतरी जण राजगृहापुढेही येऊन उभे राहतात. गल्लीत राहणाऱ्या आपण हा इतिहास विसरलो तर शोभणार नाही.

पुढचा टप्पा ट्रस्टच्या नंतरचा. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. मग युद्ध आलं, घरांची टंचाई आली आणि १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. भाडी १९४० च्या सप्टेंबरातल्या पातळीला बांधली गेली. त्या वेळी ते गरजेचं होतं. फाळणीनंतर आणि गिरण्यांच्या जोरावर शहरात माणसांचा लोंढा होता, घरमालकांना मोकळं सोडलं असतं तर अर्धा दादर रस्त्यावर आला असता. पण तात्पुरती गोठवलेली भाडी पुढे अर्धशतक गोठलेलीच राहिली. माझे वडील १९७१ मध्ये जे भाडं द्यायचे, त्यात आणि आज मी देतो त्यात एका वडापावच्या प्लेटचाही फरक नाही. मालक म्हणतो एवढ्या भाड्यात दुरुस्ती कुठून करू. भाडेकरू म्हणतो बिल्डिंग माझी नाही, मी का करू. दोघांचंही खरं, आणि मध्ये तुळया कुजतात.

यावर उपाय म्हणून १९६९ चा दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा आणि त्यातून मंडळानं दुरुस्ती करायची. म्हणून आपल्या बिल्डिंगा 'सेस बिल्डिंग'. पैसा कधीच पुरला नाही. मंडळानं टेकू लावले, मोडक्या जिन्याला प्लास्टर मारलं आणि पुढच्या बिल्डिंगकडे गेलं.

दरम्यान १९६४ साल आलं. त्या वर्षी ३१ मार्चला मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आली. आणि त्याच वर्षीच्या विकास आराखड्यातून एक नवा शब्द शहरात आला : एफएसआय. प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा. कल्पना वाईट नव्हती. एका भागातले रस्ते, पाणी, मलवाहिन्या, शाळा, बागा किती लोकांचा भार सोसतील ते बघायचं आणि त्यावरून आकडा ठरवायचा. म्हणजे ऑर यांचा कोन एका खिडकीसाठी होता, एफएसआय हा अख्ख्या वस्तीसाठीचा लगाम होता. १९९१ च्या नियमांत तो आकडा शहरात १.३३ आणि उपनगरांत १ असा होता.

पण त्याच १९९१ च्या नियमांत ३३(७) हे कलम होतं. जुन्या सेस बिल्डिंगा पाडून नव्यानं बांधल्या तर जादा एफएसआय. बिल्डरनं जुन्या रहिवाशांना फुकट घरं द्यायची आणि जादा मजले विकून खर्च व नफा काढायचा. आजच्या २०३४ च्या नियमावलीत हा आकडा ३ आहे, किंवा रहिवाशांच्या पुनर्वसनाला लागेल तितका अधिक प्रोत्साहनाचा, यातला जो जास्त तो. त्यावर फंजिबल वगैरे वेगळं.

इथेच सगळी गोष्ट फिरली, असं माझं मत आहे. पन्नास वर्षं दुरुस्तीचे पैसे कुणी दिले नाहीत. मालकानं नाही, भाडेकरूंनी नाही, सरकारनं नाही. ते सगळं थकलेलं बिल आता उंचीतून वसूल होतंय. एफएसआय म्हणजे वस्ती किती भार सोसेल याचं माप होतं, ते चलन झालं. बावीस मजले कुठून आले? आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या पाइपकडे बघून आले नाहीत, रस्त्याच्या रुंदीकडे बघून आले नाहीत. नऊ भाडेकरूंना किती जागा द्यायची, बाजारात काय भाव मिळेल, एवढ्यावर ते ठरले.

कुणी म्हणेल, मुंबईत माणसं वाढली, मजले वाढणारच. मलाही तसंच वाटायचं. पण जनगणना बघा. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, २००१ मध्ये लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ३० लाख ८५ हजार. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी झाली, आणि हीच ती वर्षं, जेव्हा गिरणगावात टॉवरवर टॉवर चढत होते.

आमच्याच बिल्डिंगचं सांगतो. मी लहान असताना नऊ बिऱ्हाडांत मिळून सत्तरच्या आसपास माणसं होती. आमच्या दोन खोल्यांत आम्ही आठ जण, शिवाय गावाहून शिकायला आलेला एक चुलतभाऊ गॅलरीत झोपायचा. आज सगळ्या बिल्डिंगमध्ये जेमतेम तीस माणसं आहेत. नव्या टॉवरमध्ये चव्वेचाळीस फ्लॅट होणार. त्यात दीडशे माणसं आली तरी सत्तरच्या दुप्पटच. गर्दीला घाबरायचं कारण नाही, गर्दीतच आम्ही वाढलो. पण तेव्हा बिल्डिंगमध्ये एक गाडी होती, तीही मालकाची. आता फ्लॅटमागे एक गाडी धरली तरी चव्वेचाळीस. गल्लीत अशा चौदा जुन्या बिल्डिंगा. सगळ्यांचे टॉवर झाले तर सहाशेच्या वर गाड्या, आणि गल्ली तीच, ट्रस्टनं आखलेली. चार टॉवर आत्ताच झालेत, मे महिन्यात त्यांच्या दारात टँकर उभे असतात.

आणि ऊन. बावीस मजले आणि पोडियम धरून उंची साधारण सत्तर मीटर. २२ डिसेंबरला मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. म्हणजे सत्तर मीटरच्या टॉवरची सावली ऐन दुपारी उत्तरेकडे चौसष्ट मीटरपर्यंत जाते. आमच्या आत्ताच्या बिल्डिंगची जाते अकरा मीटर, म्हणजे गल्लीतच संपते. टॉवरची सावली मागच्या गल्लीतल्या बिल्डिंगांवर पडेल. त्या लोकांना आमच्या मीटिंगला बोलावलेलं नाही. आम्हालाही दक्षिणेकडच्या बिल्डिंगच्या मीटिंगला कुणी बोलावणार नाही. बाजूला सहा मीटर मोकळे सोडणार म्हणतात. उद्या शेजारच्यांनीही सहा सोडले तर मध्ये बारा. ऑर यांच्या हिशेबानं बारा मीटरला चोवीस मीटर उंची, सात-आठ मजले.

मग काय, रीडेव्हलपमेंट नको? असं मी म्हणूच शकत नाही. माझ्या डोक्यावर टेकू आहे. वारसा यादीच्या वेळी काय झालं आठवतंय ना? २०१२ मध्ये शिवाजी पार्कचा परिसर वारसा म्हणून प्रस्तावित झाला तेव्हा तिथल्याच रहिवाशांनी विरोध केला. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. गळक्या घरात राहणाऱ्याला "तुझं घर सुंदर आहे, हात लावू नकोस" असं सांगणं सोपं आहे, दुरुस्तीचे पैसे कोण देणार ते सांगत नाहीत. आणि ऑर यांचा कोन आज जशाच्या तसा लावला तर एकही जुनी बिल्डिंग नवी होणार नाही, हेही मला कळतं.

पण लोकांनी बोललं तर फरक पडतो, हेही आपण पाहिलंय. २०१५ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा आला. काही ठिकाणी आठपर्यंत एफएसआय होता त्यात. शहरभरातून इतका गदारोळ झाला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो दुरुस्तीसाठी परत पाठवला. म्हणजे आकडे दगडावरची रेघ नसतात.

मुंबई विद्यापीठात १९१९ ते १९२४ या काळात पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश प्राध्यापक होते. जगभर नगररचनेचे गुरू मानले जातात. त्यांचं साधं सांगणं होतं की आधी वस्तीत पायी फिरा, मोजा, लोकांशी बोला, मग आखणी करा. आपण उलटं करतो. एकेका बिल्डिंगचा सौदा करतो आणि गल्लीचं काय होईल ते देवावर सोडतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की सह्या करण्याआधी गल्ली एकत्र बसावी. चौदा बिल्डिंगांची मिळून एक मीटिंग. नियमावलीत ३३(९) हे समूह पुनर्विकासाचं कलम आहे, शहरात त्याला किमान ४००० चौरस मीटर जागा लागते. भेंडीबाजारात ते वापरलं गेलंय. त्यात एफएसआय आणखी जास्त मिळतो, त्यामुळे ते आपोआप चांगलं असं नाही. पण निदान रस्ता, मोकळी जागा आणि बिल्डिंगांमधलं अंतर एकत्र आखता येतं. ते जमलं नाही तरी प्रत्येक बिल्डरकडून दोन कागद मागता येतात. एक, २२ डिसेंबरचा सावलीचा नकाशा, फक्त आपल्या प्लॉटचा नाही, मागच्या-पुढच्या गल्लीसकट. आर्किटेक्टला कॉम्प्युटरवर तो काढायला एक दिवस लागतो. दुसरा, गल्लीतले सगळे टॉवर झाल्यावर पाणी आणि मलवाहिनी पुरेल का, याचं लेखी उत्तर. पाच मजले कमी करून कॉर्पस थोडा कमी मिळणार असेल, तर तोही हिशेब आपल्यासमोर मांडा म्हणावं. निर्णय आपण घेऊ.

पुढच्या रविवारी संमतीपत्रावर सह्या आहेत. मी हे दोन कागद लेखी मागितले आहेत, अजून उत्तर नाही. आजींना काल जिन्यात भेटलो आणि हसल्याबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अरे, मला आता किती वर्षं बसायचंय उन्हात? पण नातवाचं लग्न व्हायचंय अजून. पोर रांगेल कुठे?"

त्यांच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीखाली लाद्यांचा एक पट्टा आहे. सकाळी आठ ते दहा तिथे ऊन असतं. सत्तर वर्षांत तिथे चार पिढ्यांची बाळं न्हाऊन माखून झोपवली गेली आहेत. मी टेपनं तोही मोजला. साडेतीन फूट रुंद आहे. रविवारी हा आकडाही मीटिंगच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगणार आहे.

आपल्या गल्लीतल्या, मागच्या गल्लीतल्या ज्यांना यायचंय त्यांनी या. सकाळी दहा वाजता, खाली कंपाउंडमध्ये. ऊन असतं तेव्हा तिथे.